लिंबू, सोडा आणि पारण्याचा उसाचा रस



गेल्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तो निरोप फिरला. 'पिवळे दात सात दिवसांत मोत्यासारखे पांढरे, तेही घरच्या घरी.' खाली खायचा सोडा, लिंबू आणि चिमूटभर मीठ. दोन जणींनी हात जोडल्याची चित्रे टाकली, एकीने लिहिले, "नैसर्गिक आहे, करून बघायला काय जाते?" मी त्यावर लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता ते इतके लांबले की ग्रुपवर न टाकता इथे लिहिते आहे. काय जाते, ते मला माहीत आहे. आमच्या घरातून गेले आहे, आणि ते माझ्या सांगण्यावरून गेले.

माझ्या देराणीने काही वर्षांपूर्वी वर्षीतप केला. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे. ज्यांनी केला आहे किंवा घरात कोणी करताना पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की शेवटच्या दोन-तीन महिन्यांत घराला पारण्याचे वेध लागतात. पाहुण्यांच्या याद्या, सांजीची गाणी, साडी कोणती, स्थानकाबाहेर फ्लेक्सवर फोटो कोणता लावायचा. फोटो काढून आणले तेव्हा ती हिरमुसली. "भाभीजी, दात बघा ना किती पिवळे दिसतात." उपवासात तोंड कोरडे पडते, दातांवर थर बसतो, आणि उपवासाच्या दिवशी आमच्याकडे दात घासत नाहीत. मी मोठी जाऊ, मला सगळे येते अशी माझी समजूत. मी म्हटले, त्यात काय, अर्धा चमचा सोडा घे, लिंबू पीळ, थोडे मीठ घाल, बोटाने घास आणि पाच मिनिटे तसेच राहू दे. तिने दर बियासण्याला ते केले. दोन महिन्यांत तीस वेळा तरी झाले असेल. पहिल्या आठवड्यात खरेच दात उजळलेले दिसले आणि माझी मान ताठ झाली.

अक्षय तृतीयेला स्थानक भरलेले होते. तिच्या भावाने चांदीच्या वाटीतून उसाचा रस दिला. पहिल्या घोटाला तिने डोळे मिटले आणि डोळ्यांतून पाणी आले. बायका म्हणाल्या, भाव दाटून आला बिचारीचा. मीही पदराने डोळे टिपले. घरी आल्यावर तिने सांगितले, "भाभीजी, रस लागताच समोरच्या दातांतून वीज गेल्यासारखी कळ आली. कशीबशी गिळला." भगवान ऋषभदेवांना श्रेयांसकुमारांनी ज्या रसाने पारणे करवले तो रस. तेरा महिन्यांच्या तपाचा तो क्षण तिच्या वाट्याला तसा आला. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणूनच ते माझ्या मनातून अजून जात नाही.

आम्ही नगरमध्येच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, "लिंबू लावत होता का?" त्यांना दात बघूनच कळले. मग त्यांनी समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगते.

दाताला बाहेरून एक कवच असते, त्याला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. पण हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, तसे इनॅमलचे होत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर नसतात. म्हणजे जन्मभरासाठी जेवढे मिळाले तेवढेच. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हे लगेच हिशेबात बसले. इनॅमल म्हणजे मुद्दल. त्यात पुन्हा भर घालता येत नाही, आणि लिंबाने दात उजळवणे म्हणजे मुद्दल मोडून सण करणे.

आता पुढची गंमत. त्या कवचाच्या आत जो थर असतो त्याला डेंटिन म्हणतात आणि तो मुळातच पिवळसर असतो. कवच थोडे पारदर्शक, म्हणून आतला रंग बाहेर झिरपतो. आपले दात दुधासारखे पांढरे नसतातच, ते हस्तिदंतासारखे असतात, आणि वय वाढते तसे कवच झिजून आणखी पिवळे दिसतात. याचा अर्थ लक्षात आला का? कवच जितके पातळ कराल तितका आतला पिवळा रंग जास्त दिसणार. लिंबू घासून पहिल्या आठवड्यात जी चमक आली ती वरचा चहाचा आणि अन्नाचा थर निघाल्यामुळे. त्यानंतर जे निघत होते ते दात होते. माझ्या देराणीचे दात आज त्या उपायाआधी होते त्याहून पिवळे आहेत.

आम्लता मोजायची पट्टी असते, तिला पीएच म्हणतात. साधारण साडेपाचच्या खाली गेले की इनॅमल विरघळू लागते. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो. नातीने सांगितले की या पट्टीवर एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल. म्हणजे साडेपाच ते अडीच हा फरक हजारपट झाला. त्यातून आम्लाला शांत करण्याचे आणि दातांना खनिजे परत देण्याचे काम लाळ करते, आणि तपस्वीच्या तोंडात लाळ कमी. मी नेमक्या कोरड्या तोंडाला लिंबू लावायला सांगितले होते. वर पाच मिनिटे ठेवायलाही.

"पण सोडा असतो ना त्यात," असे कोणी म्हणेल. मीही म्हणाले होते. एकटा सोडा तसा निरुपद्रवी, मऊ असतो, आम्ल मारतो, कितीतरी टूथपेस्टमध्ये घालतात. थोड्या ओल्या ब्रशवर कधीतरी घेतला तर चहाचे डाग निघायला मदत होते. आतला रंग त्याने बदलत नाही. पण लिंबू आणि सोडा एकत्र केले की जे फसफसते, ते बघून आपल्याला वाटते मळ निघतो आहे. मैत्रिणींनो, आपण जन्मभर ढोकळे केले आहेत! लिंबूफूल आणि सोडा घातला की पीठ फुगते, तोच वायू. त्या फेसाने दाताचा मळ निघत नाही. सोडा आणि लिंबू एकमेकांना संपवतात, आणि अंदाजाने पिळलेले लिंबू जास्त झाले की उरते ते आम्ल. वर मिठाचे खडे त्या मऊ पडलेल्या कवचावर घासायचे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या वेगळ्या, त्या हिरड्यांना बऱ्या. मीठ घासणे बरे नाही.

परदेशातही हेच खूळ आहे. तिथे स्ट्रॉबेरी कुस्करून सोड्याबरोबर लावतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. सो रान क्वॉन यांनी २०१४ च्या सुमारास हा उपाय तपासून पाहिला. दात पांढरे झाले नाहीत. कोळशाचेही तेच. आजकाल काळ्या टूथपेस्ट महाग विकतात. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेच्या मासिकात २०१७ साली त्यावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासलेला लेख आला. कोळशाने दात पांढरे होतात किंवा तो सुरक्षित आहे असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या आजीची राखुंडी वेगळी काय होती? गोवरीची राख, कोळशाची पूड. दात घासले जायचे हे खरे, पण पन्नाशीत त्या बायकांच्या दातांच्या मुळांशी खाचा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. लाल मंजनातल्या गेरूचे तेच. हळदीबद्दल मी एवढेच म्हणेन की जी हळद मिक्सरचे भांडे पिवळे करून सोडते तिच्याकडून दात पांढरे होण्याची आशा मला नाही. तेलाच्या गुळण्या आयुर्वेदात आहेत, कवल आणि गंडूष म्हणून. करायच्या तर करा, नुकसान नाही, पण ब्रशच्या ऐवजी नको आणि पांढरेपणासाठी नको. संत्र्याची साल घासू नका, तीही आंबटच.

आपल्यापैकी अनेकींचा मुद्दा वेगळा असतो आणि तो मला पटतो. बाजारच्या पेस्टमध्ये काय घालतात कोण जाणे, हाडांपासून काढलेले कॅल्शियम असेल, म्हणून घरचेच बरे. ही काळजी खरी आहे. मी स्वतः पाकीट उलटून घटक वाचल्याशिवाय, हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय घेत नाही. पण घरगुती नुस्खेही डोळे झाकून घेण्यासारखे नसतात. निम्म्या नुस्ख्यांत मध असतो, तो आपल्याला चालत नाही. कोळशाच्या पेस्टमधला कोळसा नारळाच्या करवंटीचा की हाडाचा, हे पाकिटावर बघावे लागते. कडुलिंबाची नाहीतर बाभळीची ओली काडी, आपल्या जिल्ह्यात बाभळीला तोटा नाही, पण हिरवी वनस्पती तोडायची नाही असा नियम ज्यांचा आहे त्यांना तीही नाही. तेव्हा 'बाजारचे पापी आणि घरचे पवित्र' असा सरळ भाग पडत नाही.

आणि 'घरगुती म्हणजे निर्धोक' हे तर आपल्या महाराष्ट्राने फार महागात शिकले आहे. मशेरी आठवते? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. पूर्ण घरगुती. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, मशेरी लावल्याशिवाय तोंड स्वच्छ वाटत नाही आणि पोटही साफ होत नाही. दात घासायचा उपाय म्हणून बायका ती लावू लागत आणि मग सुटत नसे. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली, तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे पांढरे चट्टे तंबाखूच्या मागोमाग येतात हे त्यातून समोर आले. पुढे १९९२ मध्ये सरकारने टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यावर बंदी घातली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? लिंबू म्हणजे तंबाखू नव्हे, हे मला कळते. मी एवढेच म्हणते की स्वयंपाकघरातून आले, आजीने सांगितले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आजीवरून आठवले. माझ्या आजेसासूबाईंच्या पुढच्या दातांत सोन्याची चूंप होती. बारीक खिळ्यासारखा सोन्याचा ठिपका. त्या हसल्या की तो चमकायचा आणि त्या काळी ते सौंदर्य होते. मराठी घरांतल्या म्हाताऱ्या दातवण लावून दात काळे करत, सवाशिणीचे दात काळे असणे शोभेचे मानत. काळ्या दातांच्या बायका संसार करून गेल्या. आता पांढऱ्याचा हट्ट आहे, तोही मोबाइलच्या फोटोतल्या पांढऱ्याचा, जो रंग मनुष्याच्या दाताला असतच नाही.

दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंनी न करायच्या गोष्टी दिल्या आहेत, त्यांत दात धुणेही येते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन आहेच. याचा अर्थ आपण दात घासू नयेत असा कोणी काढू नये. महाराज साहेब आपल्यासारखे चहाबरोबर खारी आणि दुपारी फरसाण खात नाहीत. ते देहाची शोभा सोडून निघाले आहेत, आपण निघालेलो नाही. पण पाथर्डी बोर्डाच्या परीक्षेसाठी ही यादी पाठ करणारी मीच, तपस्वी बाईला फ्लेक्सच्या फोटोसाठी दात उजळवायचा नुस्खा सांगत होते. तप तिचा होता, शोभा आम्हाला हवी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

मग करायचे काय? डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले आणि आम्ही घरात जे पाळतो ते सांगते. मऊ ब्रश, दोन वेळा, जोर न लावता. आंबट काही खाल्ले-प्यायले की लगेच ब्रश नको, कारण कवच तेव्हा मऊ झालेले असते. एक सामायिक होईल इतका वेळ जाऊ द्या, म्हणजे ४८ मिनिटे, तोपर्यंत साध्या पाण्याने चूळ भरा. ज्यांचा चौविहार आहे त्यांचा प्रश्न असतो की रात्री ब्रश कसा करायचा, पाणी तोंडात जाते. सूर्यास्ताआधी जेवण झाले की थोडे थांबून तेव्हाच ब्रश करा आणि मग पच्चक्खाण घ्या. रात्री झोपेत लाळ कमी असते, तेव्हा दातांवर अन्न नसणे चांगले. त्या दृष्टीने चौविहारवाल्यांचे दात खरे तर सुखी असायला हवेत. नसतात, कारण आपण शेवटचा घास घाईघाईत खातो आणि तसेच प्रतिक्रमणाला बसतो.

दातांवर टणक पिवळा थर बसला असेल तर तो कशानेच घरी निघत नाही, दवाखान्यात साफ करून घ्यावा लागतो. 'साफ केले की दात हलतात' अशी आपल्याकडे भीती आहे. दात त्या थराने हिरडी सोडल्यामुळे आधीच सैल झालेले असतात. थर निघाला की मधली फट जिभेला जाणवते, एवढेच. जिल्ह्यात लोणीला आणि संगमनेरला दंतमहाविद्यालये आहेत, मोठ्या दवाखान्याची धास्ती असेल तर तिथे दाखवता येते.

खरेच पांढरे करून घ्यायचे असतील तर ते पेरॉक्साइडने होते, डॉक्टरच्या देखरेखीखाली. तो पदार्थ कवचातून आत जाऊन रंगावर काम करतो. काही दिवस दात सळसळतात, आणि कॅप किंवा भरलेल्या दाताचा रंग त्याने बदलत नाही, म्हणून आधी विचारावे. जखमेवर लावायची बाटली औषधाच्या दुकानातून आणून गुळण्या करू नयेत. युरोपात ०.१ टक्क्याहून जास्त ताकदीचे ६ टक्क्यांपर्यंतचे दंतवैद्याशिवाय कोणाला विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना वापरता येत नाही, यावरून समजा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर तपकिरी डाग पडतात. तो डाग दाताच्या अंगातला, लिंबू-सोड्याने तो जाणार नाही. तिकडची मुलगी सून म्हणून आली तर 'दात घासत नाही' असे म्हणू नका.

माझ्या देराणीला डॉक्टरीणबाईंनी सळसळ कमी करणारी पेस्ट दिली, दातांवर फ्लोराइडचा लेप दिला. चार-पाच महिन्यांत कळ थांबली. थंड पाणी अजून ती उजव्या बाजूनेच पिते. गेल्या अक्षय तृतीयेला दुसऱ्या कुणाच्या पारण्याला आम्ही दोघी गेलो होतो. प्रसादाचा रस वाटत होते. तिने वाटी हातात घेतली, माझ्याकडे बघून हसली, आणि रस थोडा कोमट होईपर्यंत थांबली.

हे सगळे मी थोडक्यात ग्रुपवर लिहिले होते. त्यावर एका बहिणीने खासगीत विचारले, "काकीजी, तुमचे पटले. पण रविवारी मुलीला बघायला येणार आहेत, चारच दिवस आहेत, आता काय करू?" मी तिला लिहिले, उद्या सकाळी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन दात साफ करून आण, अर्ध्या तासाचे काम आहे, आणि तोपर्यंत चहा कमी कर. रविवारी रात्री तिचा निरोप आला. पाहुणे येऊन गेले. मुलाच्याही दातांवर डाग होते म्हणे.